साडेबारा टक्के : पनवेलच्या भूमिपुत्रांचा लढा आणि शासनाचे धोरण

पनवेल - भातशेती, मिठागरे व मासेमारीवर जगणाऱ्या पनवेल-उरण पट्ट्याचे चित्र १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर पालटले. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादित करण्याचे धोरण शासनाने स्वीकारले.

या शेतकऱ्यांचे नेतृत्व शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील (१९२६-२०१३) यांनी केले. उरण तालुक्यातील जासईचे सुपुत्र असलेले पाटील पाच वेळा पनवेलचे आमदार व दोनदा कुलाब्याचे खासदार होते. योग्य मोबदला आणि शेतकऱ्यांच्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या शहरात त्यांचा वाटा, हे त्यांच्या लढ्याचे सूत्र होते. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात आंदोलकांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले.

पुढे संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा निर्णय १९९० साली झाला. प्रत्यक्ष अंमलबजावणीस १९९४ उजाडले. सामाजिक सुविधांसाठीची कपात वजा जाता खातेदाराच्या हाती पावणेनऊ टक्केच जमीन येते. विमानतळबाधितांसाठी हे प्रमाण साडेबावीस टक्के झाले. 'नैना' क्षेत्रातील नगररचना योजनांत तर मूळ क्षेत्राच्या ४० टक्के इतका विकसित भूखंड मालकाकडेच राहतो. संघटित नेतृत्वाने शासनाला रोख मोबदल्याकडून भागीदारीकडे वळविले, ते असे.

मात्र ही भागीदारी वैयक्तिक राहिली. भूखंड खातेदाराच्या नावे मिळतो, वारसांत त्याचे हिस्से पडतात आणि बांधकामाचे भांडवल नसल्याने अनेकांनी त्रिपक्षीय करार करून तो विकासकाच्या हवाली केला. याउलट, पुण्यात हडपसरजवळील मगरपट्ट्यातील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांहून अधिक जमीन न विकता एकत्र केली, कंपनी स्थापली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले. ही नोंदणीकृत सहकारी संस्था नव्हे. परंतु तत्त्व सहकाराचेच आहे.

२०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली आणि तालुक्यातील अनेक गावांच्या ग्रामपंचायती संपुष्टात आल्या. अशा वेळी जमिनीचा वाटा मिळविणाऱ्या नेतृत्वाइतकेच तो एकत्रितपणे राखणारे नेतृत्वही आवश्यक ठरते. भूखंड एकदाच विकता येतो. भागधारकाचे उत्पन्न मात्र पुढच्या पिढीपर्यंत पोहोचू शकते.