म्हातारं नेमकं काय झालं?

कॉम्प्युटर जुना झाला हे आपण कशावरून ठरवतो? पंखा किंवा शिलाई मशीन असेल तर सोपं असतं. काहीतरी झिजतं, खडखड ऐकू यायला लागते. कॉम्प्युटरचं तसं नाही. तो दहा वर्षांपूर्वी जेवढ्या वेगाने बेरजा करायचा तेवढ्याच वेगाने आजही करतो. पण एखादा नवा गेम येतो आणि एका संध्याकाळीत घरातलं मशीन म्हातारं होऊन बसतं! गंमत म्हणजे ते सगळंच्या सगळं म्हातारं होत नाही, एखादाच भाग होतो. आणि तो कुठला हे न ओळखता दुकान गाठलं की पैसे गेलेच म्हणून समजा.

ही गोष्ट सगळ्यात स्वच्छ दिसली ती १९९६ साली. पण त्याआधी थोडं मागे जावं लागेल.

डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या आयडी सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने 'डूम' काढला. ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी रॅम असली की तो चालायचा. ४८६ वर तर मस्तच. तेव्हा ४८६ चे दोन प्रकार मिळायचे, एसएक्स आणि डीएक्स. डीएक्समध्ये अपूर्णांकांची गणितं करणारा वेगळा भाग होता (फ्लोटिंग पॉइंट युनिट), एसएक्समध्ये नव्हता. डूमला त्याचं सोयरसुतक नव्हतं, कारण त्याची आकडेमोड पूर्णांकांवर चालायची. मशीन फारच मागे पडलं तर उणेचं बटण दाबून खेळाची चौकट लहान करायची, किंवा एफ-५ दाबून चित्र भरड करायचं. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या खिडकीत राक्षस मारलेली मंडळी आजही भेटतात आणि अभिमानाने सांगतात. फुकटातलं अपग्रेड ते हेच!

मग जून १९९६ मध्ये त्याच कंपनीचा 'क्वेक' आला. हा खऱ्या अर्थाने त्रिमितीतला. दूर जाणारी भिंत डोळ्यांना बरोबर दिसायची तर प्रत्येक ठिपक्यासाठी एक भागाकार करावा लागतो, आणि भागाकार हे प्रोसेसरचं सगळ्यात रेंगाळणारं काम. मायकेल अ‍ॅब्रॅश आणि जॉन कारमॅक यांनी यावर जी युक्ती काढली ती मला आजही फार आवडते. दर ठिपक्याला भागायचं नाही, सोळा ठिपक्यांत एकदा भागायचं. आणि पेंटियमचा अपूर्णांकांचा भाग तो भागाकार करत असतानाच, पूर्णांकांच्या भागाने आधीचे सोळा ठिपके रंगवून टाकायचे. एका शेगडीवर डाळ शिजतेय तोवर दुसरीवर पोळ्या लाटून भाजून घ्याव्यात, तसं. भागाकाराचा वेळ जवळजवळ दिसेनासाच झाला.

पण या स्वयंपाकाला दोन्ही शेगड्या दमदार लागतात ना! बाजारात तेव्हा सायरिक्स कंपनीचा ६x८६ नावाचा प्रोसेसर होता, पेंटियमपेक्षा स्वस्त. त्याच्या एका मॉडेलचं नाव पीआर१६६+, म्हणजे १६६ मेगाहर्ट्झच्या पेंटियमच्या तोडीचा. प्रत्यक्षात तो १३३ वर चालायचा, पण पत्रं टाइप करणं, हिशेबाची कोष्टकं, अशा कामांत दावा खरा ठरायचा. यात फसवणूक काही नव्हती. सायरिक्सच्या लोकांनी लोक कॉम्प्युटरवर काय करतात ते पाहिलं आणि पूर्णांकांच्या भागावर जोर दिला. अपूर्णांकांचा भाग पेंटियमच्या मानाने कमजोर राहिला. क्वेक आला आणि नेमका त्याच भागावर पाय देऊन उभा राहिला! आदल्या दिवशीपर्यंत हुशार वाटणारी खरेदी दुसऱ्या दिवशी पोरांच्या चेष्टेचा विषय. १९९७ मध्ये सायरिक्स नॅशनल सेमीकंडक्टरने विकत घेतली. सगळं खापर क्वेकवर फोडणं योग्य नाही, पण नाव खराब व्हायला त्याने हातभार लावला हे नक्की.

म्हणजे ४८६ वाल्याने १९९६ साली रॅम वाढवून फारसं काही साधलं नसतं. त्याला पेंटियमच हवा होता. पण थांबा, लगेच पुढचा फासा पडला. त्याच वर्षी थ्रीडीएफएक्सचं व्हूडू कार्ड आलं आणि जानेवारी १९९७ मध्ये त्यावर चालणारा क्वेक. आता ठिपके रंगवायचं काम प्रोसेसरकडून निघून कार्डाकडे गेलं. गाठीला असलेले पैसे महागड्या प्रोसेसरवर घालण्यापेक्षा मध्यम पेंटियम आणि व्हूडू घेणारा जास्त सुखी झाला. १९९९ मध्ये जीफोर्स २५६ ने भूमितीचं कामही उचललं. ओझं असं एका खांद्यावरून दुसऱ्यावर जात राहिलं.

आपल्याकडे हे सगळं थोडं उशिरा आणि फार काटकसरीने पोचलं. लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेल्या घरगुती मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड ही चैन समजली जायची. मदरबोर्डवरचंच भागवायचं. आणि मग पोरं थ्रीडी-अ‍ॅनालाइझ नावाचा छोटा प्रोग्राम शोधून आणत. 'कार्डात ती सोय आहे हो' असं गेमला खोटंच सांगायचं काम तो करायचा. गेम सुरू व्हायचा, सरकायचा गोगलगायीसारखा, पण व्हायचा!

कार्ड घेतलं तरी पाटीवर जाऊन चालत नसे. २००२ चं जीफोर्स ४ एमएक्स नावाने 'चार', पण त्यात नव्या पद्धतीचे पिक्सेल शेडर नव्हते, जे त्याआधीच्या जीफोर्स ३ मध्ये होते. २००३ चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' तीनवर चालायचा, चारच्या एमएक्सवर नाही. आता हे आईवडिलांना कसं पटवायचं, सांगा बरं! पुढे २००४ पासून एजीपीची खाच जाऊन पीसीआय एक्स्प्रेस आली. मग नवं कार्ड म्हणजे नवा बोर्ड, बऱ्याचदा त्याबरोबर नवा प्रोसेसर आणि नवी रॅम. डब्यातलं उरलं काय? पंखा.

असो. हे सगळं आत्ता लिहायचं कारण माझा भाचा. त्याच्याकडे सेकंडहँड घेतलेलं जीटीएक्स १०८० टीआय आहे, मार्च २०१७ चं, त्या वेळचं अव्वल कार्ड. २०२० चा 'डूम इटर्नल' त्यावर लोण्यासारखा चालतो. मे २०२५ मध्ये त्याच आयडी सॉफ्टवेअरचा 'डूम: द डार्क एजेस' आला आणि त्याला रे ट्रेसिंगचं हार्डवेअर लागतंच. २०१९ चं आरटीएक्स २०६० सुपर एरवी ताकदीत याच्यापेक्षा कमी, पण ते चालतं, भाच्याचं चालत नाही. "मामा, माझं कार्ड जुनं झालं का?" असं त्याने विचारलं. मी त्याला सायरिक्सची गोष्ट सांगितली आणि यादी करायला लावली. येत्या वर्षात खरंच खेळायचे गेम कुठले, आणि त्यातल्या किती जणांना हीच सोय लागते? यादीत अकरा नावं आली. अडणारे गेम दोन निघाले. पैसे सध्या बँकेतच आहेत.