‘बेगमी’ : एका शब्दाची कुळकथा

वैशाख सरू लागला की कोकणात घरोघरी आगोटीची लगबग सुरू होत असे. तांदूळ, मीठ, मिरच्या, सुकी मासळी, लाकूडफाटा – पावसाच्या चार महिन्यांसाठी जे जे साठवावयाचे, त्या सर्वांना मराठीने एकच नाव दिले : ‘बेगमी’.

शब्द मूळचा फार्सी. ‘बे’ म्हणजे वाचून, ‘ग़म’ म्हणजे दुःख वा चिंता. तेव्हा ‘बेगमी’ म्हणजे निश्चिंतता. राणीवाचक ‘बेगम’ या शब्दाशी त्याचे नाते नाही. तो तुर्की ‘बेग’ या पदवीपासून झालेला. १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाल्यानंतर दख्खनच्या दरबारांत फार्सीचा वावर वाढला आणि तिचे शेकडो शब्द मराठीत रुळले. पुढे शिवछत्रपतींनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचवून दरबारी फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. परंतु घरच्या कोठीतील ‘बेगमी’ मराठीत टिकून राहिली.

मात्र येथे तिचा अर्थ पालटला. फार्सीत जी मनाची अवस्था, ती मराठीत धान्याची रास झाली. काशीच्या संत रविदासांनी दुःखरहित नगरीला ‘बेगमपुरा’ म्हटले. ते पद गुरू ग्रंथसाहेबात आहे. त्यांनी ज्या ‘बेगम’ शब्दातून नगरी उभी केली, त्यातूनच आपल्या पूर्वजांनी भरलेली कणगी पाहिली. कणगी रिकामी असता मन निश्चिंत राहत नाही, हे अवर्षणाच्या मुलखात कोणी कोणास शिकवावे लागले नसावे.

बेगमी तुटली म्हणजे काय होते, हे मराठ्यांनी पानिपतावर भोगले. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुऱ्याचा धान्यसाठा भाऊसाहेबांच्या हाती आला. पण अब्दालीने यमुना ओलांडून दक्षिणेची वाट अडविली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची मोठी आशा मावळली. १४ जानेवारी १७६१ रोजी आपले सैन्य रणात उतरले ते उपासमारीने गांजून.

आपल्या मंडळींच्या घरी आज बाजार जवळ आहे, आगोटीचे भय नाही. तरी परप्रांतात वाढणाऱ्या मुलांना हा शब्द आम्ही आवर्जून सांगावा, असे वाटते. हिंदी भाषक शेजाऱ्यास त्यात राणी ऐकू येईल. मुलांना मात्र आजीने भरून ठेवलेल्या बरण्या आठवाव्यात, आणि त्या भरण्यामागची चिंताही.