कचेरींतील ध्यान

ध्यानधारणा ही विरक्तांची विद्या, नोकरीच्या चरकांत सांपडलेल्या माणसाचें तिच्याशीं काय काम, असा समज सुशिक्षित कुटुंबांतून अद्यापि आढळतो. इतिहास त्यास अनुकूल नाहीं, असें आम्हांस वाटतें.

बोरिवलीजवळ गोराई येथें ८ फेब्रुवारी २००९ रोजीं उघडलेला विपश्यना पगोडा पुष्कळ वाचकांनीं पाहिला असेल. २८० फूट व्यासाच्या त्याच्या बिनखांबी घुमटाखालीं सुमारें ८,००० माणसें ध्यानास बसूं शकतात. परंतु या परंपरेच्या अर्वाचीन इतिहासांत विहाराइतकेंच महत्त्व एका सरकारी कचेरीस आहे. ऊ बा खिन हे १९४८ सालीं स्वतंत्र झालेल्या ब्रह्मदेशाचे पहिले अकाउंटंट जनरल. हिशेबाचा अवाढव्य भार संभाळीत त्यांनीं कचेरींतच ध्यानासाठीं एक खोली राखून ठेविली व हाताखालच्या माणसांस तेथें शिकविलें. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका हेही व्यापारी गृहस्थ. अर्धशिशीनें गांजून ते १९५५ सालीं त्यांजकडे गेले. १९६९ सालीं त्यांनीं या देशांतील आपलें पहिलें शिबिर मुंबईंत भरविलें. १९७५ सालीं ही विद्या जयपूरच्या तुरुंगांत व पुढें १९९३ सालीं तिहारांत पोहोंचली.

तिकडे अमेरिकेंत वेगळ्या वाटेनें हाच प्रश्न पुढें आला. एलिझाबेथ स्टॅनली या पूर्वीं सैन्याच्या गुप्तवार्ता खात्यांत अधिकारी होत्या. पुढें जॉर्जटाउन विद्यापीठांत त्या सुरक्षाविषयाच्या अध्यापिका झाल्या. सैनिकांसाठीं त्यांनीं चित्ताच्या सावधानतेचा अभ्यासक्रम रचिला. मानसशास्त्रज्ञ अमीशी झा प्रभृतींसह त्यांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत असें दिसलें कीं, मोहिमेपूर्वींच्या ताणाच्या काळांत ज्या सैनिकांनीं पुष्कळ वेळ अभ्यास केला, त्यांची तात्कालिक स्मरणशक्ति वाढली; ज्यांनीं थोडा केला, त्यांची घटली.

या निष्कर्षांतील ग्यानबाची मेख वेळ ही आहे. अंधेरीच्या किंवा घाटकोपरच्या एखाद्या कचेरीनें नोकरांस मनःशांतीचें व्याख्यान ऐकवावें, काम तसूभरही कमी करूं नये, आणि अभ्यास मात्र लोकलच्या गर्दींत उभ्यानें उरकावा अशी अपेक्षा धरावी, तर तो उपचार नव्हे. दोष नोकराच्या माथीं मारण्याची ती एक सोयीची रीत होय. ऊ बा खिन यांनीं नोकरांस उपदेशाबरोबर जागाही दिली, व स्वतः त्यांच्यासह बसले. आमच्या कचेऱ्यांच्या वरिष्ठांनीं उचलावयाचें तें हेंच.