घोडा, सोरा आणि बाजारभाव

घरातील मुले संगणकावर राज्ये उभारण्याचा एक खेळ खेळतात, तो आम्ही मुद्दाम शेजारी बसून पाहिला. 'एज ऑफ एम्पायर्स' ह्या खेळाचा १९९९ साली निघालेला दुसरा भाग मध्ययुगावर रचलेला आहे. त्यात बाजार बांधला की धान्य, लाकूड व दगड विकून सोने घेता येते. आरंभी १०० मापे धान्य विकल्यास ७० सोने पदरी पडते. तेच विकत घ्यावयाचे तर १३० मोजावे लागतात. प्रत्येक विक्रीसरशी भाव उतरतो, खरेदीसरशी चढतो आणि तो सर्व खेळाडूंना एकच असतो. हिशेब चोख आहे. परंतु गिऱ्हाईक कोण, हे त्या बाजारात कोणी विचारीत नाही. इतिहासातील बाजारात मात्र पुष्कळदा पहिला प्रश्न तोच असे. त्याचे उदाहरण आपल्या गोव्याच्या बंदरातच सापडते.

दक्षिणेच्या हवेत लढाऊ घोड्याची पैदास चांगली होत नसे. म्हणून विजयनगर व विजापूर ही दोन्ही राज्ये अरबस्तान व इराणातून समुद्रमार्गे येणाऱ्या घोड्यांवर विसंबून होती. ही निकड केवढी होती, हे विजयनगरात राहिलेला पोर्तुगीज घोडेव्यापारी फेर्नांव नुनिश सांगतो. सालुव नरसिंह राजा वाटेत समुद्रावर मेलेल्या घोड्याचीही किंमत देत असे. व्यापाऱ्याने नुसते शेपूट आणून दाखविले की पुरे!

१५१० साली गोवा आणि १५१५ साली होर्मुझ पोर्तुगीजांच्या हाती गेले; ह्या व्यापाराची दोन्ही दारे एकाच धन्याची झाली. १५४७ च्या सप्टेंबरात गव्हर्नर जुआंव द कास्त्रो ह्याने विजयनगरच्या सदाशिवरायाशी तह केला. गोव्यात उतरणारे घोडे विजयनगरास मिळावेत, विजापुरास जाऊ देऊ नयेत. उलट विजयनगरच्या मुलखातील सोरा व लोखंड पोर्तुगीजांकडे वळवावे, असे ठरले. सोऱ्यापासून तोफेची दारू होते. एकाला घोडदळ मिळाले, दुसऱ्याला दारूगोळा. आणि तिसऱ्याची कोंडी करणे हे ह्या सौद्याचे मर्म होते.

ह्या तहाच्या सातच वर्षे आधी, १५४० मध्ये, तिसवाडीतील देवळे पाडली गेली होती. तहात बोलणे झाले ते व्यापाराचे आणि युद्धाचे. पुढे १५६० साली श्रीमंगेश कुशस्थळीहून निघाला. त्याच दशकात श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली. दोन्ही दैवते नदीपार अंत्रुज महालात स्थिरावली, आणि तो महाल त्या काळी आदिलशाहीच्या अमलाखाली होता. ज्याचे घोडे अडविण्याचा करार झाला, त्याच्याच हद्दीत आपल्या देवांना आसरा मिळाला! हा योगायोग आम्हांला अंतर्मुख करतो.

१५६५ च्या जानेवारीत राक्षसतागडीच्या रणात विजयनगरचा मोड झाला. त्याबरोबर गोव्याच्या घोडेबाजाराची भरभराटही ओसरली. पोर्तुगीज बखरकार दियोगो द कोउतो ह्यानेच त्याची हळहळ लिहून ठेविली आहे.

मुलांनी खेळ अवश्य खेळावा. भावाची चढउतार त्यातून उत्तम कळते. मात्र पुढील वेळी त्यांना घेऊन मंगेशीस अथवा कवळ्यास दर्शनाला गेल्यावर, देव ह्या तीरावर कसे आले, हे सांगताना १५४७ च्या सौद्याचीही गोष्ट त्यांना सांगावी, एवढेच आमचे मागणे आहे.