मनगटावरचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पहाटे फिरायला येणाऱ्या मंडळींकडे जरा निरखून पाहा. चालता चालता ती मधूनच मनगट वळवून बघतात. वेळ बघायला नव्हे, किती पावले झाली आणि नाडी किती पडते आहे हे बघायला. हा फिटनेस बँड आता घाटकोपरच्या मोबाइलच्या दुकानात मिळतो, अंधेरी स्टेशनबाहेरच्या पथारीवरही मिळतो. पाचशे रुपयांपासून पन्नास हजारांपर्यंत किंमत. त्यामुळे घराघरांत एकच प्रश्न असतो : ‘कोणता घेऊ?’ या प्रश्नाला दुकानदाराचे उत्तर तयार असते. पण मनगटावर मोजमाप कसे आले, ते कोणी आणि कशासाठी आणले, हे ठाऊक असेल तर निवड पुष्कळ सोपी होते.

पूर्वी शरीर हेच माप होते. कापड हातावर मोजत, दोरा वितीवर, वाट कोसांवर. पावले काटेकोर मोजण्याचा आपल्याकडचा सर्वांत विलक्षण उद्योग एकोणिसाव्या शतकात भारतीय सर्वेक्षण खात्याने केला. तिबेटात गोऱ्या अधिकाऱ्यांना मज्जाव होता. मग कुमाऊँच्या नैनसिंग रावत यांना डेहराडूनला शिकवून तयार केले गेले. चढ असो, उतार असो, पाऊल सारख्याच लांबीचे पडले पाहिजे, असे ते शिक्षण! हातात जपमाळ, पण तिचे मणी १०८ नव्हे तर शंभर. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. मैलाला सुमारे दोन हजार पावले. टिपणे लपवायची ती प्रार्थनाचक्रात. अशा रीतीने १८६५-६६ मध्ये नैनसिंग ल्हासापर्यंत जाऊन आले आणि नकाशावर त्या शहराची जागा प्रथमच नेमकी ठरली. १८७७ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. पावले नैनसिंगांची, घामही त्यांचाच. हिशेब मात्र सरकारसाठी होता. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

आपल्या उपनगरांत मोजमाप आले ते आगगाडीच्या रुळांवरून. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८६७ मध्ये विरारहून मुंबईकडे पश्चिमेची पहिली उपनगरी गाडी सुटली. बोरिवली, अंधेरी ही तिच्या वाटेवरची स्थानके. तोवर साष्टीच्या शेतकऱ्याला आणि कोळ्याला सूर्य आणि भरती-ओहोटी एवढे घड्याळ पुरत होते. आता मिनिट आले. त्यातही गंमत अशी की, रेल्वे चाले मद्रासच्या वेळेने आणि शहर चाले मुंबईच्या वेळेने. दोहोंत सुमारे अर्ध्या तासाचा फरक. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळ मुंबईवर लादून पाहिली; लोकांनी इतका विरोध केला की, दोन वर्षांत ती मागे घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली आणि मुंबईचे घड्याळ ३९ मिनिटे पुढे ढकलले गेले. गिरणी कामगाराच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता : सूर्य तिथेच, पण भोंगा ३९ मिनिटे आधी! त्या जानेवारीत कामगारांनी निदर्शनेही केली. महापालिकेने तर मुंबईची वेळ हट्टाने जपली, ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे. आज हा हट्ट हास्यास्पद वाटेल. मला तसा वाटत नाही. आपला दिवस कोणाच्या सोयीने मोजायचा, यावरचे ते भांडण होते.

१९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या आल्या आणि ते भांडण रेल्वेने जिंकलेच. ‘आठ बाराची’, ‘नऊ तीनची’ अशी गाड्यांना नावे पडली. माणसाची ओळखही ‘आमच्या आठ बाराचे जोशी’ अशी होऊ लागली. खिशातले साखळीचे घड्याळ गर्दीत काढता येत नाही. मनगटी घड्याळच हवे. खरे तर युरोपात मनगटी घड्याळ हा आधी बायकांचा दागिना समजला जाई. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांनी ते बांधले आणि मग पुरुषांची भीड चेपली. आपल्याकडे फेवर लुबा, वेस्ट एंड ही स्विस घड्याळे प्रतिष्ठितांच्या हातावर दिसत. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला आणि दहावी पास झालेल्या मुलाच्या किंवा नव्या जावयाच्या हातावर घड्याळ आले. १९८४ मध्ये टायटनची स्थापना झाली आणि क्वार्ट्झ घरोघरी पोचले. तरीही घड्याळ सांगत होते ती बाहेरची वेळ. मनगटाच्या आत काय चालले आहे, हे बघायला वैद्याची तीन बोटे लागत.

आता त्या दहा हजार पावलांकडे वळू. हा आकडा कोठून आला? पुष्कळांना वाटते की, डॉक्टरांनी संशोधन करून काढला असावा. तो आला जपानमधून. १९६४ मध्ये टोकियोत ऑलिम्पिक झाले, व्यायामाचे वारे वाहू लागले आणि १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचे एक पाऊलमापक बाजारात आणले. त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचे माप’. आकडा गोल, उच्चारायला सोपा. जपानी लिपीतले दहा हजाराचे चिन्हही चालत्या माणसासारखे दिसते म्हणतात. एका विक्रीयोग्य वस्तूचे नाव पुढे साऱ्या जगाचे आरोग्यसूत्र झाले!

शास्त्रज्ञांनी खरोखर तपासले ते फार उशिरा. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. साडेसात हजारांच्या पुढे मात्र फारसा जादा फायदा दिसला नाही. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा आला, त्यातही सात हजारांच्या आसपासचा आकडा समोर आला. तेव्हा मुलुंडच्या एखाद्या आजीबाईंची पाच हजार पावले होत असतील आणि बँडवरचे वर्तुळ अपुरे राहत असेल, तर त्यांनी खट्टू होण्याचे कारण नाही. वर्तुळ जाहिरातीचे आहे, पावले त्यांची आहेत.

नाडीची कथा याहून भारदस्त, शब्दशः. अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकाअखेर हृदयाचे ठोके चालत्या माणसावर नोंदवून दाखवले. ते यंत्र पाठीवर बांधायचे आणि वजन सुमारे ३८ किलो! आज डॉक्टर छातीवर छोटी डबी चिकटवून २४ तासांची ‘होल्टर’ तपासणी करतात, ती यांच्याच नावाची. १९८२ मध्ये फिनलंडच्या पोलर कंपनीने छातीचा पट्टा आणि मनगटावरचा आकडा अशी बिनतारी जोडी खेळाडूंसाठी आणली. पुढे पट्टाही गेला. बँडच्या पोटाशी जो हिरवा दिवा लुकलुकतो तो याचसाठी. रक्त हिरवा प्रकाश शोषते. ठोक्यागणिक मनगटातले रक्त कमी-जास्त होते, तसा परतणारा प्रकाश बदलतो, त्यावरून ठोके मोजले जातात. पावले मोजते ते हालचाल ओळखणारे एक सूक्ष्म उपकरण. २००९ मध्ये फिटबिटने कपड्याला अडकवायचा पहिला मापक विकला. २०१४ मध्ये शाओमीचा स्वस्त बँड आला, पुढल्या वर्षी तो भारतात ९९९ रुपयांना मिळू लागला. मुंबईकर विशाल गोंडल यांनी २०१४ मध्येच ‘गोकी’ काढली. त्यांची कल्पना मला जास्त शहाणपणाची वाटते : बँडबरोबर सल्ला द्यायला माणूसही हवा.

कारण नुसत्या आकड्याने काय होते? पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी ४७१ तरुणांवर दोन वर्षे प्रयोग करून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. आहार-व्यायामाच्या सल्ल्याला ज्यांनी बँडची जोड दिली त्यांचे वजन साडेतीन किलोंनी घटले; बँडशिवाय ज्यांनी स्वतःच नोंदी ठेवल्या त्यांचे ५.९ किलोंनी.

मग घ्यावा का? घ्यावा, पण आपला प्रश्न कोणता ते आधी ठरवून. रोजचे चालणे वाढवायचे असेल तर साधा, स्वस्त बँड पुरतो. तो आपल्या आयुष्यात बसतो का, एवढे बघा. लोकलमध्ये कडी धरून उभ्या माणसाचा हात वर असतो, गाडी हिसके देते. अशा वेळी नाडीचा आकडा भरवशाचा नसतो. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असतील तर हात हलत नाही आणि पावले गाळली जातात. उलट पोळ्या लाटताना काही पावले फुकटात पदरात पडतात. दुकानात बांधून स्वतः मोजत शंभर पावले चाला आणि बँडचा आकडा बघा. पाचदहाचा फरक चालेल, चाळीसचा चालणार नाही. कॅलरीचा आकडा अंदाजाचा असतो, त्याच्या जोरावर वडापाव खाऊ नये. आपल्या पावसासाठी ‘५ एटीएम’ असे लिहिलेला बँड बरा. पट्टा सुटा करून धुता यावा. घामाने पुरळ उठते, हे लहानसे प्रकरण नाही. बॅटरी आठवडाभर टिकावी. रोज चार्जिंगला लावावा लागणारा बँड महिनाभरात खणात जातो, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

छातीत धडधडते, ठोका चुकतो अशी तक्रार असेल तर ईसीजी काढणारे महागडे घड्याळ उपयोगी पडू शकते. २०१८ पासून तशी घड्याळे बाजारात आहेत. ठोक्यांची अनियमितता ती दाखवू शकतात. हृदयविकाराचा झटका ओळखत नाहीत. छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला आणि घड्याळ ‘सर्व ठीक’ म्हणत असले, तरी रुग्णालयच गाठायचे. आणि रक्तातली साखर सुई न टोचता सांगतो, असा दावा करणारे घड्याळ किंवा अंगठी कोणी दाखवली, तर पैसे खिशातच ठेवा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला, की अशा एकाही उपकरणाला त्यांनी मान्यता दिलेली नाही. त्या आकड्यावर इन्सुलिन घेणे जिवावर बेतू शकते. मधुमेह घरोघरी असलेल्या आपल्या वस्त्यांत हे पुन्हा पुन्हा सांगायला हवे.

शेवटी नैनसिंगांची जपमाळ. तिचे मणी सर्वेक्षण खात्याकडे गेले. आपली पावले कोठे जातात? जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा या ॲपच्या नकाशावर जगभरच्या लष्करी तळांचे आराखडे उमटलेले आढळले, कारण सैनिक बँड बांधून धावत होते. २०२१ मध्ये गुगलने फिटबिट विकत घेतली आणि कोट्यवधी लोकांच्या झोपेच्या, नाडीच्या नोंदी नव्या मालकाकडे गेल्या. या नोंदी दहा वर्षे जाहिरातींसाठी वापरायच्या नाहीत, अशी अट युरोपने घातली, ती युरोपपुरतीच. आपला वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. काही आरोग्य विमा कंपन्या पावलांवर हप्त्यात सवलत देतात, काही कचेऱ्या कर्मचाऱ्यांना बँड भेट देतात. सवलत जरूर घ्यावी; पण त्या अर्जावर सही करण्यापूर्वी नोंदी कोण पाहणार, किती वर्षे ठेवणार आणि नोकरी किंवा विमा सोडल्यावर त्या पुसल्या जाणार का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरही लेखीच घ्यावे.