परदेशी कळफलकांवरील मराठी टंकलेखन

परदेशी कळफलकांवरील मराठी टंकलेखन म्हणजे भारतात प्रचलित असलेल्या कळफलकाहून वेगळी कळरचना वापरणाऱ्या देशांत संगणकावर देवनागरी लिपीत मराठी लिहिणे. भारतात सामान्यतः अमेरिकी 'क्वर्टी' रचनेचे कळफलक वापरले जातात. जर्मनी, फ्रान्स आदी देशांत राहणाऱ्या मराठी भाषकांना स्थानिक कळफलकाशी जुळवून घ्यावे लागते. त्यातील अडचणी टंकलेखनाच्या पद्धतीनुसार बदलतात.

कळरचनांतील फरक

जर्मन 'क्वर्ट्झ' रचनेत वाय व झेड या अक्षरांची अदलाबदल झालेली असते. फ्रेंच 'अझर्टी' रचनेत ए व क्यू, तसेच झेड व डब्ल्यू एकमेकांच्या जागी असतात. त्यात एम हे अक्षर एलच्या उजवीकडे असून अंकांसाठी शिफ्ट कळ दाबावी लागते. युरोपीय कळफलकांवर डाव्या शिफ्टलगत एक जादा कळ असल्याने ती शिफ्ट आखूड असते.

इनस्क्रिप्ट पद्धत

इनस्क्रिप्ट ही भारतीय लिपींसाठीची प्रमाण कळरचना असून १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात तिचा समावेश आहे. तिच्यात स्वरचिन्हे डावीकडे, तर बहुतेक व्यंजने उजवीकडे असतात. विंडोज व लिनक्समध्ये ही रचना कळेवर छापलेल्या अक्षरावर नव्हे, तर कळेच्या स्थानावर अवलंबून असते. त्यामुळे बोटांना झालेला सराव परदेशातही उपयोगी पडतो. उदाहरणार्थ, 'बुलढाणा' या शब्दातील 'ब' जर्मन कळफलकावर झेड छापलेल्या कळेने उमटतो. त्याच जिल्ह्यातील 'सुलतानपूर' या गावाच्या नावातील 'स' फ्रेंच कळफलकावर स्वल्पविरामाच्या कळेने मिळतो. मात्र कळ पाहून टंकलेखन करणाऱ्याची छापील अक्षरांमुळे दिशाभूल होते. 'ख', 'ळ', 'श' यांसाठी डावी शिफ्ट लागत असल्याने तिचा आखूडपणाही सुरुवातीस अडचणीचा ठरतो.

उच्चारानुसारी पद्धत

या पद्धतीत उमटलेल्या रोमन अक्षरांचे देवनागरीत रूपांतर होते. येथे छापील अक्षर विश्वसनीय असते, परंतु जुनी सवय चुकीच्या कळेकडे नेते. जर्मन कळफलकावर सवयीने वायच्या जागी बोट गेल्यास 'य'ऐवजी झेडसाठी नेमलेले अक्षर उमटते.

उपाय

कार्यप्रणालीच्या भाषाविषयक मांडणीत मराठी व स्थानिक असे दोन्ही कळफलक जोडून आवश्यकतेनुसार बदलता येतात. उच्चारानुसारी पद्धतीसाठी अमेरिकी रचना निवडल्यास जुना सराव कायम राहतो. पडद्यावरील कळफलक किंवा कळांवर चिकटवायची देवनागरी अक्षरे नवशिक्यांना साहाय्यक ठरतात.