अप्रसिद्ध संगीताचा शोध आणि रसिक-समूहांची परंपरा : बुलढाणा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

संगीताचा इतिहास बहुधा गायक, घराणी, नाटक मंडळ्या आणि चित्रपटसंस्था यांच्या अंगाने लिहिला जातो. ज्याने ते संगीत ऐकले, जपले आणि दुसऱ्याला ऐकविले तो श्रोता मात्र या इतिहासात क्वचितच दिसतो. वस्तुतः लोकप्रियतेच्या प्रवाहातून बाजूला पडलेली अनेक गाणी आज उपलब्ध आहेत, ती श्रोत्यांच्या अनौपचारिक समूहांमुळेच होत. एखादे दुर्मिळ गाणे शोधावे, त्याची माहिती पडताळावी व समानधर्मी रसिकांपर्यंत ते पोहोचवावे, ही वृत्ती संगणकयुगात जन्मली असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात तिची मुळे ग्रामोफोनच्या काळापर्यंत जातात. या वृत्तीचा ऐतिहासिक मागोवा बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) ध्वनिमुद्रित संगीताच्या प्रसारात रसिक-समूहांनी बजावलेल्या भूमिकेचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) बुलढाणा जिल्ह्यातील एका कवितेच्या ध्वनिमुद्रिकेच्या आधारे या प्रक्रियेचे विश्लेषण करणे.
३) संग्राहकांच्या कार्याच्या मर्यादा आणि जतनाची आजची निकड यांचा विचार करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा आरंभ नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्ता येथे झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायस्बर्ग यांनी गौहर जान यांच्यासह अनेक कलावंतांचे गायन मुद्रित केले. हे मुद्रण जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठवून तेथे तबकड्या तयार होत. गाणे संपताच कलावंताने स्वतःचे नाव उच्चारण्याची प्रथा त्या काळी पडली; परदेशी तंत्रज्ञांना ओळख पटावी हे त्यामागील एक कारण सांगितले जाते. लाखेपासून बनविलेल्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन ते साडेतीन मिनिटांचे गायन मावत असे. मैफलीत तासभर चालणारा राग या मर्यादेत बसविणे ही कलावंताची कसोटी होती. ज्यांचे गाणे तबकडीवर आले नाही ते केवळ आठवणींतून उरले. पं. भास्करबुवा बखले यांच्यासारख्या थोर गायकाचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही, ही हानी या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे.

बुलढाणा जिल्हा त्या काळी वऱ्हाड प्रांताचा भाग होता. १८५३ पासून ब्रिटिश प्रशासनाखाली असलेला हा प्रांत १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडण्यात आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे मुंबईशी जोडली गेली. जलंब ते खामगाव ही शाखा १८७० मध्ये सुरू झाली. कापसाच्या व्यापारासाठी आलेल्या या लोहमार्गाने शहरी वस्तू व करमणुकीची साधनेही या भागात येण्याची वाट मोकळी केली. याउलट घाटावरील मेहकर, चिखली, लोणार, सिंदखेडराजा या भागाला रेल्वेचा लाभ झाला नाही. एकाच जिल्ह्यातील या दोन भागांमधील अंतर पुढील विवेचनात महत्त्वाचे ठरते.

'शीळ' : हस्तलिखितापासून तबकडीपर्यंत :

कवी ना. घ. देशपांडे यांचा जन्म १९०९ मध्ये सिंदखेडराजा येथे झाला. त्यांनी मेहकर येथे वकिली केली आणि आपले बहुतेक आयुष्य त्याच गावी व्यतीत केले. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी गाऊन ध्वनिमुद्रित केली. मराठी भावगीताच्या ध्वनिमुद्रित इतिहासातील आरंभीच्या महत्त्वाच्या रचनांमध्ये या तबकडीची गणना होते. जोशी यांनी कायद्याचे शिक्षण घेतले होते. पुढे ते एच.एम.व्ही. कंपनीत ध्वनिमुद्रण अधिकारी झाले व अनेक नामवंत गायकांचे गायन त्यांच्या देखरेखीखाली मुद्रित झाले.

या घटनेतील कालक्रम उद्बोधक आहे. देशपांडे यांचा 'शीळ' हा पहिला काव्यसंग्रह १९५४ मध्ये प्रकाशित झाला, म्हणजे तबकडीनंतर सुमारे दोन दशकांनी. या दीर्घ काळात ज्या श्रोत्यांनी ही कविता जाणली त्यांतील बहुतेकांपाशी कवीचे पुस्तक असणे शक्यच नव्हते. त्यांच्याकडे होती ती तबकडी, किंवा तबकडी ऐकून वहीत उतरवून घेतलेले शब्द. रेल्वे नसलेल्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या कवीचे शब्द ग्रामोफोनमुळे मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत पोहोचले. छापील ग्रंथ, समीक्षक आणि प्रकाशक या मान्यतेच्या रूढ साखळीला येथे एक समांतर वाट निर्माण झाली. देशपांडे यांना १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार 'खूणगाठी' या संग्रहासाठी मिळाला. साहित्यसंस्थेची ही मान्यता येण्याच्या अर्धशतक आधी श्रोत्यांनी कवीला आपले मानले होते.

तथापि या प्रक्रियेची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. श्रोत्याला गायकाचा आवाज लक्षात राहतो, कवीचे नाव अनेकदा राहत नाही. गाणे जितक्या हातांतून जाते तितकी त्याची मूळ ओळख पुसट होते. म्हणूनच देवाणघेवाणीबरोबर नोंदही झाली पाहिजे, हा धडा या पहिल्याच उदाहरणातून मिळतो.

नभोवाणी आणि श्रोत्यांचे जाळे :

ग्रामोफोन ही दीर्घकाळ संपन्न घरातील वस्तू राहिली. सामान्य श्रोत्यापर्यंत संगीत खऱ्या अर्थाने पोहोचविले ते नभोवाणीने. नागपूर आकाशवाणी केंद्र जुलै १९४८ मध्ये सुरू झाले. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या डॉ. बा. वि. केसकर यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जवळजवळ मज्जाव झाला. परिणामी श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या अमीन सयानी यांच्या 'बिनाका गीतमाला'ने लोकप्रियतेचा एक नवा मापदंड निर्माण केला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली.

परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने गीतमालेपेक्षा सिलोनच्या सकाळच्या जुन्या गीतांच्या कार्यक्रमाचे महत्त्व अधिक आहे. कुंदनलाल सैगल यांच्या गीताने समाप्त होणाऱ्या या कार्यक्रमात विस्मृतीत गेलेली गाणी लागत. श्रोते तारीख, चित्रपट, गायक, संगीतकार अशा नोंदी वहीत करीत, फर्माईशीची पोस्टकार्डे पाठवीत आणि आपले नाव निवेदकाच्या तोंडून ऐकण्याची वाट पाहत. आजच्या झारखंडमधील झुमरी तलैयासारखे लहान गाव अशा पत्रांमुळेच देशभर परिचित झाले. महानगरापासून दूर असलेल्या श्रोत्याला एका मोठ्या रसिक-परिवाराचा सदस्य असल्याची जाणीव या पोस्टकार्डाने दिली.

अशा विखुरलेल्या नोंदींना संशोधनाचे रूप कसे येऊ शकते, याचे उत्तम उदाहरण कानपूरचे हरमंदिर सिंह 'हमराज' यांचे आहे. त्यांनी १९७१ मध्ये 'लिस्नर्स बुलेटिन' हे नियतकालिक सुरू केले व १९८० पासून 'हिंदी फिल्म गीत कोश'चे दशकवार खंड प्रसिद्ध केले. कोणत्याही विद्यापीठाने हाती न घेतलेले हे काम रसिकांच्या सहकार्याने उभे राहिले. चित्रपट-इतिहासाचे अभ्यासक आज ते प्रमाण साधन म्हणून वापरतात.

संग्राहकांची संघटना व कार्यपद्धती :

महाराष्ट्रात या प्रयत्नांना संस्थात्मक रूप १९९० मध्ये आले. डॉ. सुरेश चांदवणकर व त्यांचे सहकारी यांच्या पुढाकाराने मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापन झाली. डॉ. चांदवणकर हे व्यवसायाने भौतिकशास्त्रज्ञ. संस्थेने श्रवणसभा आयोजित केल्या आणि 'दी रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकातून कलावंत, कंपन्या व ध्वनिमुद्रणे यांवरील लेख प्रसिद्ध केले. १९३५ ते १९५५ या काळात कार्यरत असलेल्या 'यंग इंडिया' या स्वदेशी छापाच्या तबकड्यांची माहितीही अशाच संग्राहकांच्या परिश्रमातून पुढे आली. मोठ्या कंपन्यांनी न घेतलेल्या अनेक कलावंतांना या लहान कंपनीने संधी दिली होती.

संग्राहकाचे काम केवळ हौशीचे नसते. तबकडीच्या कागदी वर्तुळावरील क्रमांक कंपनीच्या सूचीतील असतो, तर वर्तुळालगत कोरलेला क्रमांक मूळ मुद्रणाचा असतो. या दोहोंच्या तुलनेवरून एकच गाणे पुन्हा मुद्रित झाले की जुन्याच मुद्रणाची नवी आवृत्ती निघाली, हे ठरविता येते. इतिहासाचा अभ्यासक नाण्यावरील छाप किंवा कागदपत्रावरील शिक्का ज्या दृष्टीने तपासतो, तीच दृष्टी येथे आवश्यक ठरते. मुंबईच्या चोरबाजारात किंवा गावोगावच्या भंगाराच्या दुकानांत तबकड्या शोधणारा संग्राहक हा या अर्थाने साधनांचे संकलन करणारा संशोधकच होय.

१९८० च्या दशकात कॅसेटने देवाणघेवाण सुलभ केली. दुर्मिळ तबकडी मालकाकडेच राहून तिची प्रत मित्राला भरून देता येऊ लागली. पुढे संगणक व इंटरनेट यांमुळे हीच क्रिया क्षणात व जगभर होऊ लागली. साधन बदलले, मात्र शोधणे, पडताळणे, वाटणे आणि चर्चा करणे हा क्रम कायम राहिला. एक फरक मात्र झाला. पूर्वी कॅसेटसोबत हाताने लिहिलेली यादी येत असे. आज पुष्कळदा गाणे येते आणि त्याची माहिती मागेच राहते.

मर्यादा :

संग्राहकांच्या कार्याचे मोल मान्य करूनही काही मर्यादांची चर्चा करणे क्रमप्राप्त आहे. प्रथमतः, जे मुद्रित झाले तेच संग्रहित होऊ शकले. नाट्यसंगीत, शास्त्रीय गायन, भावगीत व चित्रपटगीत यांना व्यापारी मूल्य होते. बुलढाणा जिल्ह्यातील बंजारा समाजाची गीते, सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या कोरकू समाजाची गाणी, किंवा जळगाव जामोद परिसरात बोलल्या जाणाऱ्या निहाली या अल्पसंख्य भाषेतील मौखिक परंपरा यांना बाजारपेठ नव्हती. म्हणून 'अप्रसिद्ध' या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करावे लागतात. एक संगीत मुद्रित होऊन विसरले गेले, तर दुसरे कधी मुद्रितच झाले नाही. संग्राहकांची परंपरा पहिल्याला वाचवू शकते. दुसऱ्यासाठी क्षेत्रीय अभ्यासच हवा. गी पॉइतव्हँ व हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित करून याचा आदर्श घालून दिला आहे. वऱ्हाडच्या या भागातही त्या धर्तीचे काम होण्यास मोठा वाव आहे.

दुसरी मर्यादा कायद्याची आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, १९९२ च्या दुरुस्तीनंतर, ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. साहित्यकृतीवरील हक्क मात्र लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे असतो. 'शीळ'चे मूळ ध्वनिमुद्रण या मुदतीबाहेर गेले आहे. परंतु कवीचे निधन २००० मध्ये झाल्याने शब्दांवरील हक्क २०६० अखेरपर्यंत राहतो. एकाच तबकडीतील स्वर मुक्त आणि शब्द संरक्षित, अशी ही स्थिती आहे. जतन आणि मुक्त प्रसार या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे भान अभ्यासकाने ठेवले पाहिजे.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. खाजगी संग्रहाचे आयुष्य बहुधा संग्राहकाच्या आयुष्याएवढेच असते. त्याच्या पश्चात वारसांना तबकड्यांचे मोल माहीत नसते आणि घर लहान असते. लाखेची तबकडी हातातून निसटली तर तुटते, आणि रद्दीत गेली तर तिच्यासोबत मालकाची वही, त्यातील टिपणे व पत्रव्यवहारही जातो. गाण्याची दुसरी प्रत कोठेतरी सापडू शकते. ते गाणे या जिल्ह्यात कोणी, कधी व का ऐकले याची नोंद पुन्हा मिळत नाही.

निष्कर्ष :

१) अप्रसिद्ध संगीताचा शोध घेणारे रसिक-समूह हे इंटरनेटचे अपत्य नसून ग्रामोफोन, नभोवाणी व कॅसेट या टप्प्यांतून विकसित झालेली ती एक सलग परंपरा आहे.
२) 'शीळ'चे उदाहरण दर्शविते की, लहान गावातील निर्मितीला ग्रंथरूप मान्यतेपूर्वी श्रोत्यांची मान्यता मिळू शकते.
३) श्रोत्यांच्या वह्या, पोस्टकार्डे व तबकड्या ही सांस्कृतिक इतिहासाची अव्वल साधने आहेत.
४) मुद्रित न झालेल्या लोकपरंपरांसाठी स्वतंत्र क्षेत्रीय संकलनाची गरज आहे.

या दृष्टीने जिल्ह्यातील महाविद्यालये मोलाचे कार्य करू शकतात. इतिहास, मराठी व संगीत विभागांनी एकत्र येऊन घरोघरी असलेल्या तबकड्यांची सूची करावी, क्रमांक टिपावेत आणि वृद्ध श्रोत्यांच्या मुलाखती घ्याव्यात. पदवी स्तरावरील प्रकल्पासाठी हा विषय सर्वथा योग्य आहे. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. वही, ध्वनिमुद्रणाची सोय असलेला भ्रमणध्वनी आणि ऐकून घेण्याची तयारी पुरेशी आहे. हे काम मात्र लांबणीवर टाकण्याजोगे नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या काळातील श्रोता आज वार्धक्यात आहे, आणि त्याच्या स्मरणाची दुसरी प्रत कोठेही उपलब्ध नाही.